बाबागाडीतून माथेरान

लहान मुले आणि थंड हवेचे ठिकाण यांचे जमत नाही, असा आपल्याकडे एक जुना समज आहे. मूल म्हणजे दुधाची बाटली, कानटोपी, मोजे, औषधाचा डबा आणि ऐन वेळी हमखास हरवणारे खेळणे. थंड हवेचे ठिकाण म्हणजे चढ, उतार, वारा आणि कडे. त्यातून ते ठिकाण माथेरान असेल, तर बोलायलाच नको. महाबळेश्वरला मोटार थेट मुक्कामाच्या दारापर्यंत जाते. माथेरानला मात्र ती दस्तुरी नाक्यावर निमूट उभी राहते. तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर ज्याने त्याने आपल्या पायांनी, घोड्याच्या पायांनी किंवा दुसऱ्या माणसाच्या पायांनी काटायचे असतात. या तिसऱ्या पायांविषयी पुढे सांगायचेच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही सहा जण माथेरानला गेलो. धाकटी बहीण, मेहुणे, त्यांची पाच वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा, पंच्याहत्तरी ओलांडलेली आमची आई आणि मी. सातवी होती ती बाबागाडी. बहीण तिला ‘स्ट्रोलर’ म्हणते. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मला जुनाच शब्द गोड वाटतो. स्ट्रोलर म्हटले की दुकान डोळ्यांसमोर येते, बाबागाडी म्हटले की आत बसलेला बाबा दिसतो. चार चाके, वर छत्रीसारखा टप, खाली सामानाची जाळी आणि दाबले की मिटणारा सांगाडा, असे हे वाहन पुण्यातल्या गुळगुळीत फरशीवर लोण्यासारखे चालत असे. डोंगरावर त्याचे काय होते, हे पाहण्याची मला मनातून उत्सुकता होती.

आमचा बेत नेरळहून झुकझुक गाडीने वर जाण्याचा होता. पुण्याहून कर्जत, कर्जतहून लोकलने नेरळ, इथवर सारे सुरळीत पार पडले. पण त्या छोट्या गाडीला जागा थोड्या आणि फेऱ्याही मोजक्या. आमचा नंबर लागेपर्यंत तिकिटे संपली. भाचीने भोकाड पसरले. उतरताना याच गाडीने यायचे, असे तिला वचन देऊन आम्ही टॅक्सीने घाट चढलो आणि दस्तुरी नाक्याला उतरलो.

उतरताच पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. अर्थात घोडेवाले, हमाल आणि हॉटेलांचे दलाल यांचा गलबला मागे पडल्यानंतरची. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून आले, आणि तेव्हापासून मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांचे हे हवा खाण्याचे ठिकाण झाले. उंची सुमारे ८०० मीटर, माती तांबडीलाल, आणि वर जांभूळ, हिरडा, अंजन यांची सावली इतकी दाट की डिसेंबरातल्या दुपारीही रस्त्यावर उन्हाचे नुसते कवडसे पडतात. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिकेसारखा अडीअडचणीचा अपवाद सोडला, तर पेट्रोलचा वास असा कुठे येत नाही.

नाक्याजवळच अमन लॉज हे छोटे स्टेशन आहे. तिथून बाजारापर्यंत झुकझुक गाडीच्या शटल फेऱ्या होतात. त्या दिवशी तिथली रांग पाहूनच मेहुण्यांनी मान हलवली. दुसरा उपाय ई-रिक्षांचा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रयोग म्हणून त्यांना परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्या सुरू झाल्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांची संख्या वीसवर ठेवलेली होती. वीस रिक्षा आणि सुट्टीची गर्दी! शाळेची मुले, म्हातारी माणसे आणि पर्यटक सारे तिच्याकडेच डोळे लावून. त्या रांगेत उभे राहिलो असतो तर भाचा तिथेच चालायला शिकला असता.

शेवटी ठरले की चालायचे. पहिला टप्पा बाबागाडीने दिमाखात पार पाडला. रस्त्याच्या काही भागात मातीचे पेव्हर ब्लॉक बसवले आहेत; त्यावरून चाके मजेत धावली. याच ब्लॉकांवरून माथेरानात मोठा वाद आहे, हे मला एका घोडेवाल्याकडून कळले. “साहेब, तुमच्या बाळाच्या गाडीला हे बरं, माझ्या घोड्याचा पाय सटकतो त्याचं काय?” तो म्हणाला. रस्ता एकच, पण चाक, खूर आणि पाऊल यांचे त्याच्याशी असलेले नाते निरनिराळे. जिथे ब्लॉक संपले तिथे आमच्या गाडीची ऐट उतरली. तांबडी भुसभुशीत माती, वर आलेली मुळे, गोटे. पुढची दोन चाके लहान, ती मुळाला अडली की गाडी नाक घासून उभी राही आणि आतला बाबा मात्र या हेलकाव्यांना खदखदून हसे.

अशा वेळी एक हातरिक्षावाला आमच्या बरोबरीने चालू लागला. माथेरानची हातरिक्षा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरची खुर्ची. पुढे एक ओढणारा आणि चढावर मागून ढकलणारे जोडीदार. आईचे गुडघे दुखू लागले होते, हे त्याने आमच्याही आधी ओळखले.

“आजी, बसा. हळू नेतो.”

“नको रे बाबा,” आई म्हणाली. “माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसायची नाही.”

तो हसला. रागावला नाही. हे उत्तर त्याने पूर्वीही ऐकले असावे. “आजी, चांगली माणसं सगळी असंच म्हणतात. पण चांगल्या माणसांनी बसायचं सोडलं, तर आमचा दिवस कसा जायचा?”

आई गप्प झाली. मीही. वर्गात मानवतेवर पाऊण तास बोलू शकणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येईना. इतक्यात भाची म्हणाली, “आजी, बाळाला पण माणूसच ढकलतोय ना? मग बाळ बसतं ते चालतं का?”

“बाळाला पाय फुटेपर्यंत चालतं,” आई म्हणाली. मग थोडे थांबून स्वतःशीच पुटपुटली, “आणि म्हातारीचे पाय गेल्यावर काय, ते कुणी सांगत नाही.”

अखेर तडजोड निघाली. आमच्या पिशव्या आणि मिटवलेली बाबागाडी रिक्षात ठेवायची, भाड्याचे पैसे पुरे द्यायचे आणि आईने धरून धरून चालायचे. गाडीत बसलेली गाडी पाहून भाचीला हसू आवरेना. पण पुढच्या चढावर आईचा श्वास फुलला. ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली, पाणी प्यायली आणि काही न बोलता उठून रिक्षात जाऊन बसली. पिशव्या आम्ही खांद्यावर घेतल्या. मी मागून रिक्षाला हात लावला, तर जोडीदार म्हणाला, “दादा, हात सोडा. तुमचा जोर वाकडा लागतो.” वजन ओढणे हीदेखील एक विद्या असते. चढावर तिरके कसे जायचे, उतारावर टाचा कशा रोवायच्या, हे त्याला वडिलांनी शिकवले होते. वडीलही हेच काम करत. ही विद्या पुढे मुलाला मात्र द्यायची नाही, असे त्याने ठरवले होते. “मला ई-रिक्षा मिळाली की हिला इथंच झाडाखाली ठेवून देणार,” असे त्याने रिक्षेच्या दांड्यावर थाप मारून सांगितले.

माथेरानचे सुपुत्र हुतात्मा विठ्ठल कोतवाल, सारे त्यांना भाई म्हणत, यांची मला आठवण झाली. इथल्या एका नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेला हा मुलगा वकिलीपर्यंत शिकला, गोरगरिबांसाठी झटला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडला. हवा खायला येणाऱ्यांना या गावाच्या कड्यांची नावे पाठ असतात. ज्यांच्या श्रमांवर ती हवा खाता येते, त्यांच्यातून असा पुरुष उभा राहिला, हे मुलांना सांगायला हवे. मी भाचीला सांगितले. तिला सगळे कळले नसेल, पण तिने रिक्षावाल्याला विचारले, “तुम्ही पण भाई का?” तो म्हणाला, “मी साधाच काका.”

मुक्कामाच्या तीन दिवसांत बाबागाडीचा खरा उपयोग आम्हाला कळला. बाजार आणि त्याच्या आजूबाजूचा सपाट भाग तिला ठीक. पण इको पॉइंट, लुईसा पॉइंट, शार्लट तलाव, पिसारनाथाचे देऊळ या वाटांवर तिला घरीच ठेवलेले बरे. त्या वाटांसाठी मूल कडेवर किंवा पाठीशी बांधावे. आसपासच्या वाड्यांतून डोक्यावर ओझे आणि कडेवर पोर घेऊन येणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या. बहिणीने दुसऱ्या दिवशी ओढणीची झोळी केली आणि भाचा तिच्यात निवांत झोपला. ज्यांना गाडी न्यायचीच आहे, त्यांनी मोठ्या चाकांची न्यावी आणि टपावर पांढरे कापड टाकू नये. संध्याकाळपर्यंत ते गेरूत बुचकळल्यासारखे होते.

आणि जाळीत खाऊ ठेवू नये! बाजारात एका दुकानाशी आम्ही चिक्की घेत होतो. मागे वळून पाहतो तो एक माकड बाबागाडीचा दांडा धरून उभे! क्षणभर वाटले, हा आता गाडी ढकलत निघणार. त्याने वाकून जाळीतली केळी उचलली आणि भाच्याकडे एकदा गंभीरपणे पाहून छपरावर उडी मारली. भाच्याने त्याला टाटा केला. त्या दिवसापासून त्याच्या लेखी माथेरानचा अर्थ ‘हूप’ असा झाला.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. पुण्यात रस्त्यावर पाऊल ठेवले की आपण मुलाचे मनगट घट्ट धरतो. ती पकड इतकी अंगवळणी पडते की मुलालाही तोच रस्ता वाटतो. माथेरानच्या बाजारात बहिणीने पहिल्यांदा मुलीचा हात सोडला. मुलगी दहा पावले पळाली, थांबली, मागे पाहिले, कुणी ओरडले नाही, मग आणखी वीस पावले पळाली. घोडा येताना दिसला की बाजूला व्हावे आणि कड्यांवर मात्र हात सोडू नये, एवढी दोन पथ्ये पाळली की इथला रस्ता मुलांचा असतो. पाच वर्षांच्या मुलीला मोकळा रस्ता म्हणजे काय हे आयुष्यात पहिल्यांदा कळावे, यासाठी डोंगर चढावा लागतो, हे काही आपल्या शहरांना भूषणावह नाही.

परतताना वचनाप्रमाणे झुकझुक गाडी मिळाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या ध्यासाने हा दोन फुटी रूळमार्ग १९०४ ते १९०७ या काळात झाला. २००५ च्या पुरात तो वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा उभा राहिला. २०१९ च्या पावसात पुन्हा खचला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. वीस-एकवीस किलोमीटरांना दोन तासांहून अधिक वेळ घेणारी ही गाडी मुलांच्या चालीची आहे. वॉटर पाइप स्टेशन मागे पडले, पुढे तो चिमुकला बोगदा आला आणि अंधार होताच सगळ्या डब्यांतली मुले एका सुरात किंचाळली. आमच्या भाचीचा आवाज त्यात पहिला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. आईला मी ती बातमी वाचून दाखवली. तिने चष्मा काढून विचारले, “त्याला मिळेल ना रे?” बातमीत त्याचे नाव कसे असणार? पण आईने मनाशी ठरवून टाकले आहे की पुढच्या खेपेला त्याच्याच गाडीतून जायचे. मात्र तो पुढे बसून ती चालवत असला पाहिजे. भाचा आता आपल्या पायांनी धावतो. बाबागाडी माळ्यावर गेली आहे. तिच्या चाकांना लागलेली तांबडी माती बहिणीने अजून पुसलेली नाही.