राहिले ते का राहिले

'भाकरीचे ख्रिस्ती' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा पाचवीत होतो. म्हणणाऱ्या पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या घरी तसंच म्हणत असणार. घरी येऊन आजीला सांगितलं. ती जोंधळा पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "भाकरी कुणाला नको असते रे?"

*

म्हणणाऱ्यांचं सगळंच खोटं नाही. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, लगेच १८९९-१९०० चा. नगर जिल्ह्यातली आमची खेडोपाडीची ख्रिस्ती मंडळी बहुतेक याच काळात उभी राहिली. बाप्तिस्मा घेणारे मुख्यतः महार आणि मांग. पोटात भूक होती, आणि मिशनकडे धान्य होतं, काम होतं, पोरांना शाळा होती. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण आले ते का आले, हे जो तो विचारतो. पाऊस पडला, धान्य मिळायचं थांबलं, तरी राहिले ते का राहिले, हे मला आजवर कुणीच विचारलेलं नाही. काही परतलेही. जे राहिले ते सगळे श्रद्धेनेच राहिले असंही म्हणवत नाही. काहींना भावकीने परत घेतलं नसेल, काहींना शाळा सोडवली नसेल. तरी उरतात ते उरतातच.

*

राहण्याचा हिशेब पुढे कागदावरही मांडला गेला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती फक्त हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. गावात वाडा तोच, आडनाव तेच, पाणवठ्यावरची वागणूक तीच. दाखल्यावर मात्र जात नाही. एका घरात एक भाऊ दाखल्यावर 'हिंदू' आणि रविवारी पुढच्या बाकावर, दुसरा उघड ख्रिस्ती आणि नोकरीविना, असं मी पाहिलं आहे. पहिल्याला नावं ठेवायची हिंमत मला कधी झाली नाही.

भाकरीसाठी आले म्हणतात, त्यांच्या नातवंडांनी भाकरी गेली तरी नाव सोडलं नाही. याला एखादा चपखल शब्द कुणी अजून काढलेला नाही.

*

१९७२. आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्या वर्षी सगळ्या गावाने अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली. पाटलांनीही खाल्ली, पुजाऱ्यांनीही. मिलोचे हिंदू असं कुणी कुणाला म्हटल्याचं मात्र ऐकिवात नाही.

*

पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळात उपाशी पायपीट करता करता गेले, भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा लग्नानंतर दोनेक वर्षांत. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. म्हणजे तिचं मोठं दुःख श्रद्धेच्या आधीचं. 'संकटात देव टिकवला' हा आपला ठरलेला साचा तिला बसत नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाऊन मुली गोळा करून आणते, १९०० मध्ये गुजरातेतूनही. केडगावला मुक्ती सदन उभं राहतं. उपाशी मुलगी कशी दिसते हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं, स्वतः तीच होती ना. तिथे छापखाना आहे, खिळे जुळवणाऱ्या मुलीच. बायबलचं मराठी भाषांतर ती मूळ हिब्रू-ग्रीक शिकून करते आहे. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा जाते. बाई एप्रिल १९२२ मध्ये.

बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत शेवटी सगळं दुपटीने परत मिळतं, नवी मुलंबाळंही होतात. मला तो शेवट कधी पचला नाही. मेलेल्या दहा लेकरांच्या जागी दुसरी दहा? रमाबाईंच्या गोष्टीला असा शेवट नाही. मुलगी गेल्यावर पुन्हा बायबलचंच काम, बस्स.

*

टिळक आणि लक्ष्मीबाई. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं कशी गेली ते बाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे, आणि हसत हसत सांगितलेलं आहे, म्हणून जास्त लागतं. टिळक हातातलं देऊन टाकणारे. संध्याकाळी चूल कशी पेटायची हा प्रश्न बाईंचा. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ मांडला. विपन्नावस्था वाट्याला येणं निराळं आणि ती आपण होऊन मागून घेणं निराळं. मागून घेणाऱ्याचा पुतळा होतो. त्याच्या घरात पीठ मळणारीची श्रद्धा कोणत्या रकान्यात टाकायची?

*

प्रेषित पौल फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहितो की भरल्या पोटीही राहायला शिकलो आणि उपाशीही. प्रवचनात 'उपाशी' यावर पाऊण तास जातो, 'भरल्या पोटी' दोन मिनिटांत उरकतं. पौलाने मात्र दोन्हींसाठी 'शिकलो' हेच क्रियापद वापरलं आहे.

*

वसई. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. ज्यांच्या सत्तेच्या सावलीत धर्म आला ते गेले, तरी कुपारी, कोळी, ईस्ट इंडियन कॅथलिक होते तिथेच राहिले. इथेही तोच प्रश्न.

पण माझ्या मामेबहिणीच्या सासरी वसईत मी पाहिलं ते वेगळं. पानवेली, केळी, फुलं यांवर जगणाऱ्या घरांच्या जमिनीला एकाएकी सोन्याचा भाव आला. वाडी गेली, इमारत आली, तळमजल्याला दुकानगाळे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लढले, तेव्हा त्यांना विरोध झाला तो काही फक्त परक्यांकडून नाही. जमीन विकून आलेल्या पैशात कुणी पाप केलेलं नसतं. नवं घर आशीर्वादलेलं असतं, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर असते, रविवार चुकत नाही. बहिणीचे सासरे एकदाच म्हणाले, "पूर्वी पाऊस लांबला की रोझरीला अख्खी आळी यायची. आता पाणी टँकरने येतं." पुढे काही बोलले नाहीत, चहा थंड होतोय म्हणाले.

*

आमच्या पुण्याच्या मंडळीत सुगीची उपासना. गावाकडे लोक स्वतःच्या रानातलं आणत. इथे मार्केट यार्डातून. सफरचंदावरचं लेबल तसंच. वर्षानुवर्षं शेत न पाहिलेले आम्ही उपकारस्तुती करतो आणि मग लिलाव. एक भोपळा चढत चढत साडेचार हजारांवर गेला. टाळ्या. पाळकांनी देणाऱ्यासाठी प्रार्थना केली. मीही बाराशेपर्यंत बोली लावली होती. देवासाठी की शेजारच्या बाकावरच्या मेव्हण्यासाठी, ते सांगता येणार नाही.

भोपळा घेणारे साहेब घाईत होते, तो तिथेच विसरले. दोन दिवस वेदीपाशी पडून होता. बुधवारी रखवालदाराच्या बायकोने चिरला आणि घारगे केले. किल्ली द्यायला गेलो तेव्हा तिने मलाही दोन दिले. गूळ थोडा कमी होता.