काचेच्या दोन बाजू

दसरा झाला, की माझा मोसम सुरू होतो. आकाश निवळते, पावसाचे ओघळ काचांवर वाळून बसतात, आणि घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : "अहो, त्या खिडक्यांकडे जरा बघितलंत का?" हा प्रश्न ज्या गृहस्थांना विचारलेला असतो, ते वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, "त्या काचवाल्याला बोलाव."

तो काचवाला म्हणजे मी.

मी काचा पुसतो. बंगल्यांच्या खिडक्या, दुकानांची दर्शनी दारे, दवाखान्यांचे पडदे, सगळ्या काचा. धंदा माझा स्वतःचा आहे. मालक मी, नोकर मी, आणि बोलणी खायची वेळ आली की पुढे होणाराही मीच. मोटारसायकलच्या एका बाजूला बादली, दुसऱ्या बाजूला घडीचा घोडा, आणि पाठीवरच्या पिशवीत वायपर, स्पंज, सुती फडकी. एवढ्या भांडवलावर माझे दुकान फिरते असते.

माझे गाव अवसरी बुद्रुक. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरपासून जवळच, आंबेगाव तालुक्यात. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. शेजारीच अवसरी खुर्द आहे. २००९ साली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आले ते या धाकट्याच्या घरी. थोरल्याने कौतुकाने बघायचे आणि धाकट्याने पेढे वाटायचे, हे घरोघरी चालतेच. पण या निमित्ताने पंचक्रोशीत नवी घरे उठली, घरांना सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या, आणि पुण्यात एका ठेकेदाराकडे उंच इमारतींच्या काचा पुसणारा मी गावी परत आलो.

माझ्या लहानपणी गावात काच म्हणजे कंदिलाची काच. भिंती जाड, खिडक्या लहान, त्यांना लाकडी झडपा. रोज तिन्हीसांजेला कंदिलाची काच पुसायचे काम माझ्याकडे असे, कारण घरात त्या काचेत जाईल एवढा लहान हात माझाच होता. चिमूटभर राख घ्यायची, चिंधीने आतून फिरवायची, मग कोरड्या फडक्याने पुसायची. आई ती काच चुलीच्या उजेडासमोर धरी आणि म्हणे, "हे काय? इथं राहिलंय." माझे पहिले गिऱ्हाईक म्हणजे माझी आई. तिच्यापेक्षा अवघड गिऱ्हाईक मला पुढे क्वचितच भेटले. फरक एवढाच की ती काम नापसंत झाले तरी भाकरी वाढायची.

आम्ही परीट. वडील गावाचे कपडे धूत. त्या काळी रोख पैशाचा व्यवहार नव्हता, बलुते होते. वर्षभर कपडे धुवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात या सगळ्या देण्याघेण्याचे बारकाईने वर्णन आहे. ते पुस्तक मी फार उशिरा वाचले, पण त्यातली खळी मला वडिलांमुळे ओळखीची होती. वर्षभराची तक्रार गिऱ्हाईक त्या एका दिवसासाठी साठवून ठेवी. "आषाढात माझं धोतर फाडलंस," म्हणत पायली कमी माप पडे. आणि भांडून जाणार कुठे? गिऱ्हाइकाला दुसरा परीट नाही, परटाला दुसरे गाव नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळात खळ्यावर धान्यच आले नाही, आणि आमचे बलुते जे मोडले ते पुन्हा नीट उभे राहिले नाही.

वडिलांचा एक नियम होता. कपडा हातात घेतला, की ते तो धन्यासमोरच उलगडत. केळीचा चीक लागलेला असला, की तिथेच बोट ठेवून म्हणत, "वहिनी, हा डाग जायचा नाही. लुगडं धुऊन देतो, डाग मात्र तुमचा." परटाच्या खुणेचा बिब्बा आणि केळीचा चीक, दोन्ही कपड्याच्या जन्माचे सोबती. मी एकदा विचारले, "दादा, आधीच कशाला सांगायचं? आपण प्रयत्न तर करू." ते म्हणाले, "आधी सांगितली ती माहिती. नंतर सांगितली ती सबब."

हे वाक्य मी नुसते ऐकले होते. ते शिकायला मला अर्धे आयुष्य लागले.

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकांचे नाना नमुने भेटतात. एक असतात सूर्योपासक. त्यांना भर दुपारी बारा वाजता काचा पुसून हव्या असतात, कारण तेव्हा "घाण नीट दिसते". आता तापलेल्या काचेवर साबणाचे पाणी फिरवले की वायपर पोचण्याआधीच ते वाळते आणि पट्टे उमटतात. म्हणून मी सकाळी पश्चिमेच्या आणि दुपारी पूर्वेच्या खिडक्या घेतो. हे सांगितले की त्यांना वाटते, हा माणूस कामचुकार आहे.

दुसरे असतात जाता-जातावाले. काम खिडक्यांचे ठरलेले असते, पण जाता जाता पंखा, जाता जाता आरसा, जाता जाता माळ्यावरचा पितळी हंडा. एका बाईंनी जाता जाता मला त्यांच्या नातवाचे नाक पुसायला सांगितले. ते मी पुसले, आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

तिसरे असतात वर्तमानपत्रवाले. "आम्ही तर बाई जुन्या पेपरानं पुसतो, लख्ख निघतात. तुमचे हे वायपर कशाला?" त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पेपराने काच निघते हे खरेच आहे. फक्त बारा खिडक्यांना किती पेपर आणि किती दुखरे खांदे लागतात, ते त्यांनी एकदा करून पाहिलेले असते, म्हणून तर मी दारात उभा असतो. हा साधा दिसणारा वायपरसुद्धा कुणाच्या तरी दुखऱ्या हातातूनच सुधारला आहे. एत्तोरे स्टेकोने नावाचा, इटलीतून अमेरिकेत गेलेला काचा पुसणारा होता. तिथली जड, स्क्रूंनी भरलेली अवजारे टाकून त्याने पितळेचा हलका, एकाच रबरी पट्टीचा वायपर बनवला आणि १९३६ साली त्याचे पेटंट घेतले. आमच्या धंद्यातला तो विश्वकर्माच म्हणायचा.

आणि चौथे असतात डाग शोधणारे. हे सर्वांत कठीण. ते तुमच्या मागे उभे राहतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "तो बघा." तुम्ही पुसता. "नाही, अजून आहे." पुन्हा पुसता. शेवटी कळते, की डाग काचेच्या दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्या बाजूचे काम ठरलेलेच नाही. काचेचा हा एक खोडसाळ गुण आहे. तिच्यावरचा डाग कोणत्या बाजूचा, ते एका बाजूला उभे राहून कधी सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. जवळच्याच एका गावात एक निवृत्त गुरुजी राहतात. जन्मभर विज्ञान शिकवले, निवृत्तीनंतर बंगली बांधली. मुलगा परदेशातून चार वर्षांनी दिवाळीला येणार होता. गुरुजींनी मला बोलावले. सकाळी आठला सुरुवात केली, अकरापर्यंत काम संपवले आणि बैठकीच्या मोठ्या खिडकीसमोर त्यांना उभे केले.

गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "धुरकट आहे."

मी पुन्हा पुसली.

"अजून धुरकट आहे. अरे, बाहेरचा आंबा नीट दिसत नाही मला."

बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. ते पाणी काचेवर वाळले की पांढरी साय धरते. मी व्हिनेगर लावले, पुन्हा धुतली, कोरडी केली. मला काच आरशासारखी दिसत होती. मंचरला दुसरे गिऱ्हाईक खोळंबले होते, ऊन चढले होते. गुरुजी म्हणाले, "हे असलं काम करून पैसे मागायला लाज कशी वाटत नाही?"

आणि माझा तोल गेला. मी म्हणालो, "गुरुजी, डाग काचेत नाही. तुमच्या डोळ्यांत आहे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात चकलीचा सोऱ्या तसाच राहिला. गुरुजी काहीच बोलले नाहीत. आत गेले, ठरलेले सातशे रुपये आणून माझ्या हातावर ठेवले आणि पाठ फिरवली. मी मोटारसायकलवर बसलो तेव्हा जिंकल्यासारखे वाटत होते. मंचर येईपर्यंत ते वाटणे बरेच उतरले होते. घरी बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, "पैसे मिळाले ना? मग तोंड का उतरलंय?" याचे उत्तर मला देता येईना.

माघात गुरुजींचा फोन आला. "येऊन जा. काचा पुसायला नाही, दाखवायला बोलावतोय."

मी गेलो. गुरुजी काळा चष्मा लावून त्याच खिडकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "तू बोललास ते खरं होतं बाबा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला वाटायचं, जगच मळलंय. मुलानं दिवाळीत डॉक्टरांकडे नेलं. गेल्या महिन्यात एका डोळ्याचं झालं, आता दुसऱ्याचंही झालं."

मला कुठे तोंड लपवू असे झाले. मी टोमणा मारला होता, आणि तो नेमका म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्यावर जाऊन बसला होता. मी म्हणालो, "गुरुजी, मी तसं बोलायला नको होतं."

"बोलायला नको होतंस," ते म्हणाले. "पण विचारायला हवं होतंस. मी सारखा 'आंबा दिसत नाही' म्हणत होतो, काच दिसत नाही असं नव्हतो म्हणत." मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. डोळ्यातले भिंग गढूळ होते, ते काढून कृत्रिम भिंग बसवतात, हे त्यांनी मला समजावले. "आणि ही कल्पना सुचली कशी, ठाऊक आहे? तुझ्याच धंद्यातून! दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या खिडक्यांचे तुकडे जायचे. त्या प्लॅस्टिकनं डोळा बिघडत नाही, हे लंडनच्या हॅरल्ड रिडली या डॉक्टरांनी हेरलं, आणि १९४९ साली त्याच प्रकारच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. म्हणजे माझ्या डोळ्यात आता एक खिडकीच आहे म्हण."

आम्ही दोघेही हसलो. मला वाटले, सुटलो. तेवढ्यात गुरुजींनी बोट उचलले. "आता मला स्वच्छ दिसतंय. म्हणून विचारतो. त्या खालच्या कोपऱ्यात काय आहे?"

मी वाकून पाहिले. पाहायची गरज नव्हती. तो डाग मला तीन महिन्यांपूर्वीच दिसला होता. बांधकामाच्या वेळी सिमेंटचे ओघळ काचेवर आले होते आणि कुणी ते वेळीच धुतले नव्हते. सिमेंटमधला खार काचेचा पृष्ठभागच खातो. अशी खाल्लेली काच माझ्या हातांनी पूर्ववत होत नाही. हे मला त्या दिवशी ठाऊक होते. पण सणाचे गिऱ्हाईक हातचे जाईल म्हणून मी गप्प राहिलो. म्हाताऱ्या नजरेला तो दिसणार नाही, असा हिशोबही मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात केला होता.

"हा जायचा नाही, गुरुजी," मी म्हणालो. "सिमेंटनं काच खाल्लीय."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

वडिलांचे वाक्य मला त्या क्षणी ऐकू आले. मी आता जे बोलत होतो ती माहिती नव्हती, ती सबब होती. मी खिशात हात घातला आणि म्हणालो, "निम्मे पैसे परत घ्या." गुरुजींनी ते घेतले नाहीत. काकूंनी चहा आणला आणि म्हणाल्या, "पैसे राहू देत. दिवाळीचा फराळ तुम्हाला द्यायचा राहिला होता. आता लाडू तेवढे उरलेत रव्याचे, आजच केलेले."

तेव्हापासून मी एक नवी पद्धत ठेवली आहे. कामाला हात लावण्याआधी घरच्या माणसाला बरोबर घेऊन सगळ्या खिडक्यांवरून एक फेरी मारतो. आधी आतून, मग बाहेरून. जो डाग जाणार नाही त्याच्यावर साबणाच्या वडीने फुली काढतो आणि सांगतो, "हा तुमचा." काही गिऱ्हाइके तिथेच तुटतात. "याला काही येत नाही," म्हणून दुसऱ्याला बोलावतात. पण जी राहतात, त्यांच्याशी शेवटी भांडण होत नाही. आणि कुणी वयस्कर माणूस पुन्हा पुन्हा "धुरकट आहे" म्हणू लागला, तर मी वायपर खाली ठेवतो आणि विचारतो, "काका, बाहेरचं झाड नीट दिसतं का?"

यंदाही दसऱ्यानंतर गुरुजींचा फोन आला. मी गेलो, फेरी मारली. खालच्या कोपऱ्यापाशी पोचलो आणि साबणाची वडी काढली, तर गुरुजी म्हणाले, "तिथं फुली नको. तो आपल्या दोघांचा आहे." मग स्वतःच खुर्ची ओढून बसले आणि मी काम संपवीपर्यंत मागून सांगत राहिले : "तो बघ, वर डावीकडे. नाही, अजून आहे."

आणि खरेच होता.