टाळी न वाजवण्याची ड्युटी

पोहरादेवीचा बंदोबस्त म्हणजे माझ्यासाठी घरच्या अंगणातली ड्युटी. मी बंजारा तांड्यावरचा. रामनवमीला आईवडिलांबरोबर सेवालाल महाराजांच्या समाधीला यायचो. पोलिसात लागल्यावर त्याच यात्रेत शिट्टी घेऊन उभा राहू लागलो. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितोय.

बंजारा समाजाची ही काशी, त्यामुळे इथे भक्तांमागोमाग पुढारीही येतात. इथल्या नगारा वास्तुसंग्रहालयाच्या भूमिपूजनाला डिसेंबर २०१८ मध्ये देवेंद्र फडणवीस आणि उद्धव ठाकरे एकत्र आले होते. जुलै २०२३ मध्ये ठाकरे विदर्भ दौऱ्यावर आले, तोवर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. ५ ऑक्टोबर २०२४ ला संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधान मोदींनी केलं. दर्शन कुठे संपतं आणि सभा कुठे सुरू होते, हे इथल्या गर्दीत कळत नाही. पोलिसाला मात्र ते कळावंच लागतं. समाधीपुढे मी हात जोडले तर कुणाची हरकत नाही. भाषणाला टाळी वाजवली तर नोकरीवर येतं.

अशाच एका सभेत माझा भाचा पक्षाचा गमछा घेऊन आला. "मामा, आपल्या समाजाचा कार्यक्रम आहे," म्हणत त्याने तो माझ्या गळ्यात टाकला. मी लगेच काढून त्याच्या हातात दिला. तो रुसला. मागून म्हातारी आत्या म्हणाली, "वर्दी आली की नातं विसरतो हा."

कायदा तिला कसा सांगणार? संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार संसद पोलिसांच्या काही मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. १९६६ च्या कायद्यानुसार पोलिसाला राजकीय सभेत किंवा निदर्शनात भाग घेता येत नाही. परवानगीशिवाय कामगार संघटनेतही जाता येत नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलिसांचं आंदोलन चिघळलं आणि सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढली, ही गोष्ट जुने जमादार आम्हाला दबक्या आवाजात सांगायचे.

मोठ्या सभेला अग्निशमनची गाडी उभी असतेच. तिच्यावरच्या जवानाशी चहा पिताना बोलणं व्हायचं. तो नगरपरिषदेचा कर्मचारी. प्रचार त्यालाही करता येत नाही. पण पगार थकला तर संघटनेकडे जाता येतं. आमच्यापुढे एकच वाट, साहेबांकडे अर्ज. हे मला खटकायचं, अजूनही खटकतं.

मताचा हक्क मात्र शाबूत. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला बंदोबस्त होता, म्हणून नमुना १२ भरून सुविधा केंद्रावर टपाली मत दिलं. तांड्यावर सगळ्यांनी विचारलं, "कुणाला?" १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार सरकारी नोकराला मत देता येतं, पण कुणाला दिलं याची चाहूलही लागू द्यायची नाही. मी हसून विषय शेतीवर नेला.

निवडणुकीनंतर तांड्यावर दोन गटांत बाचाबाची झाली. मला मध्ये बोलावलं आणि दोन्ही बाजूंनी ऐकलं, कारण मी कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. संघटनेवरची बंदी मला आजही जाचक वाटते. राजकारणावरची बंदी मात्र योग्यच आहे. म्हणून गणगोताला एकच सांगणं: वर्दीतल्या माणसाच्या गळ्यात गमछा टाकू नका. उद्या भांडण तुमच्या दारात आलं, तर तो कुणाचाच नसलेला बरा.