उभ्याचे तिकीट

पुण्याच्या एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी २०१४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेला. जुन्या इंग्रजी रंगभूमीची माहिती तिच्या जन्मस्थळी जाऊन मिळवावी, हा त्याचा हेतू होता. शेक्सपिअरचे ‘ज्युलिअस सीझर’ हे नाटक त्याने वर्गात अभ्यासले होते. कठीण शब्दांचे अर्थ, पात्रांचे स्वभाव, संभाव्य प्रश्नांची उत्तरे, सारे त्याला मुखोद्गत होते. मात्र रंगमंचावर ते नाटक त्याने एकदाही पाहिले नव्हते. पाठ्यपुस्तकात शिरलेल्या नाटकाच्या नशिबी बहुधा असेच येते.

लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर ग्लोब नाट्यगृह आहे. त्या उन्हाळ्यात तेथे हेच नाटक चालू होते. ग्लोबचा इतिहासही नाटकापेक्षा कमी रंजक नाही. शेक्सपिअरच्या मंडळीचे पहिले नाट्यगृह नदीच्या उत्तरेस होते. इमारत मंडळीची, पण जमीन दुसऱ्याची. जमिनीचा करार संपला आणि मालकाशी तंटा झाला. तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात मंडळीने आपल्या नाट्यगृहाची लाकडेच उतरवली आणि पुढे ती नदीपलीकडे नेली. त्या लाकडांतून १५९९ साली ग्लोब उभे राहिले. १६१३ साली एका प्रयोगात तोफ उडवली असता गवती छपराने पेट घेतला व सारी इमारत भस्मसात झाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. एका गृहस्थाची विजार तेवढी पेटली, ती बिअर ओतून विझवण्यात आली! पुढच्याच वर्षी नाट्यगृह पुन्हा बांधले गेले; परंतु १६४२ साली पार्लमेंटने नाटकांवरच बंदी घातली आणि ग्लोब नामशेष झाले. सॅम वानामेकर या अमेरिकन नटाने ते पुन्हा उभारण्याचा ध्यास घेतला. १९९३ साली तो निवर्तला. जुन्या जागेजवळच बांधलेले नवे ग्लोब १९९७ साली खुले झाले, ते त्याला पाहता आले नाही.

विद्यार्थ्याने पाच पौंडांचे तिकीट काढले. ते उभ्याचे तिकीट. मध्यभागी वाड्याच्या चौकासारखी उघडी जागा असून तिच्याभोवती तीन मजली सज्जे आहेत. शेक्सपिअरच्या काळी एक पेनी दिली की या चौकात उभे राहता येई. सज्ज्यात बसण्यास आणखी एक पेनी पडे. पाऊस आला तरी चौकात छत्री उघडण्यास मनाई आहे.

खेळ दुपारचा होता. ना पडदा, ना दिव्यांची करामत. नाटकात भयानक वादळी रात्र येते. ती रात्र भर उजेडात कशी दाखवणार? पण पात्रे काळोखाविषयी, विजांविषयी बोलू लागली आणि माथ्यावरचे लख्ख आभाळ हळूहळू विसरले गेले. पुस्तकात ही लांबलचक वर्णने त्याला कंटाळवाणी वाटली होती. दिवे नसलेल्या रंगभूमीवर शब्दांनीच अंधार करावा लागतो, हे त्याला आता उमगले.

पुढे सीझरचा खून झाला. प्रथम ब्रूटसने आपली बाजू मांडली. लोकांना ती पटली. मग अँटनी उठला. त्याच्या भाषणातील प्रत्येक युक्ती विद्यार्थ्याला ठाऊक होती. ‘अँटनीचे वक्तृत्व’ या प्रश्नाचे उत्तर त्याने कितीदा तरी लिहिले होते. पण रोमच्या नागरिकांना उद्देशून बोलताना अँटनी चौकातल्या शेकडो प्रेक्षकांकडे पाहत होता. जणू तेच रोमचे नागरिक! भोवतीची गर्दी पुढे सरकली, तिच्याबरोबर विद्यार्थीही सरकला. त्याचेही रक्त तापले होते.

लगेच एक लहानसा प्रवेश आला. परीक्षेत येत नाही म्हणून वर्गात तो भराभर वाचून टाकला होता. सिन्ना नावाचा एक निरपराध कवी वाटेने जात असतो. कटातल्या एकाचे नावही सिन्नाच. आपण कवी आहो, असे तो परोपरीने सांगतो. पण खवळलेला जमाव त्याचा जीव घेतो. मघाशी पुढे सरकलेला चौक एकदम निःशब्द झाला. विद्यार्थ्याची मान खाली गेली.

नाटक संपले, सीझर, ब्रूटस, सिन्ना सारे उठले आणि इतर नटांसह नाचू लागले. परक्या माणसाला हे विचित्र वाटावे. परंतु ही प्रथा जुनीच आहे. १५९९ साली थॉमस प्लाटर नावाच्या स्विस प्रवाशाने टेम्सपलीकडच्या गवती छपराच्या नाट्यगृहात सीझरचे नाटक पाहिले होते. शेवटी नट फार सुरेख नाचले, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांपैकी दोघांनी पुरुषांचा व दोघांनी स्त्रियांचा वेष केला होता.