डाव्या पायाला सुट्टी

ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याकडे आपल्याकडे अजूनही लोक जरा दयेनेच बघतात. 'गिअरची येत नाही का?' हा प्रश्न ऑफिसच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या मांडवात, अगदी हवा भरायला थांबलं तरी येतोच. त्यातून तुम्ही मुलगी असाल तर प्रश्नही विचारला जात नाही, उत्तर गृहीतच धरलेलं असतं! तर मंडळी, येते. नऊ वर्षं गिअरची गाडी चालवली, तीही जालना रोडवर. आणि सगळं कळून सवरून गेल्या वर्षी दोन पेडलची गाडी घेतली.

आता हा प्रश्न संभाजीनगरमध्ये विचारला जावा, यासारखा विनोद नाही. 2010 मध्ये इथल्या लोकांनी गट करून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा देशभरातले कॅमेरे इकडे वळले होते. आणि मी नोकरी करते त्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना 2001 पासून आहे. पुढे ऑडीसुद्धा त्याच आवारात जुळायला लागली. म्हणजे भारतात ड्युअल क्लच ऑटोमॅटिक हा प्रकार ज्या गाड्यांनी रुजवला, त्यातल्या कितीतरी आमच्या कंपनीच्या बसस्टॉपसमोरून ट्रेलरवर चढून गेल्यात. लॉरा गेली, सुपर्ब गेली, ऑक्टाव्हिया गेली. आम्ही डबा खात बघत बसायचो.

माझी गाडी त्यातलीच एक. 2015 ची ऑक्टाव्हिया, दोन लिटर डिझेल, सहा गिअरची डीएसजी. अर्थात सेकंडहँड (पगार शेंद्र्याचा आहे, म्युनिकचा नाही). योगायोग असा, की माझ्या टीममधल्या एका मित्राकडे हीच गाडी आहे, हेच इंजिन, पण सहा गिअरची मॅन्युअल. बाकी सगळं सेम टू सेम. त्यामुळे आम्ही अधूनमधून चाव्या बदलतो, आणि वाद घालतो. मॅन्युअल विरुद्ध ऑटोमॅटिक हा वाद एरवी दोन वेगळ्या गाड्यांवरून चालतो आणि कुठेच पोचत नाही. आमचा निदान शेंद्र्यापर्यंत तरी पोचतो.

पण खरं सांगायचं तर गाडी मी स्वतःसाठी घेतलीच नव्हती. घेतली अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं. रिटायर झाल्यावरही आमची जुनी हॅचबॅक तेच चालवायचे. गावाकडे, बाजारात, नातेवाइकांच्या सुखदुःखाला. मग डावा गुडघा गेला. तीस वर्षं बसचा क्लच दाबल्यावर जातो तसा गेला. आधी दुखायचा, मग क्लच अर्धा दाबूनच गिअर टाकायला लागले, गिअरबॉक्स करकरायचा आणि तो आवाज ऐकून ते स्वतःच डोळे मिटायचे. एके दिवशी चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, ''तूच चालव आता.'' पुढचे चार महिने ते शेजारच्या सीटवर बसायचे आणि बोलायचे नाहीत. रस्ता सोडून बाजूला बघायचे. तीस वर्षं रस्त्याकडेच बघितलेला माणूस!

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी गुडघा बदलायचं सांगितलं. ''नंतर गाडी चालवता येईल का?'' असं अण्णांनी विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं, ''गिअरची की ऑटोमॅटिक? डावा पाय आहे म्हणून विचारतोय.'' त्या वाक्यावर मी गाडी शोधायला लागले.

अण्णांना पटवणं मात्र सोपं नव्हतं. ''ऑटोमॅटिक म्हंजे स्कूटी,'' हे त्यांचं मत. मी म्हटलं, अहो ही साधी नाही, डबल क्लचची आहे. तर हसायलाच लागले. ''डबल क्लच? ते तर आम्ही नोकरीला लागलो तव्हापासून करायलोत!''

आणि गंमत म्हणजे ते बरोबरच होते, फक्त गोष्ट वेगळी होती. त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या जुन्या बसचे गिअर आजच्यासारखे लोण्यात सुरी जावी तसे पडत नसत. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर अंदाजाने थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर. एका गिअरला दोनदा क्लच, म्हणून डबल क्लच. चुकलं की सगळी बस मागून ऐकते. जुने ड्रायव्हर हे सगळं झोपेतसुद्धा करायचे, आणि त्याचा त्यांना अभिमान असायचा.

माझ्या गाडीतले दोन क्लच म्हणजे खरोखरचे दोन क्लच. असं समजा की एका डब्यात दोन गिअरबॉक्स कोंबलेत. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात चालला असता, तेव्हा कॉम्प्युटरने दुसऱ्या बाजूला चौथा आधीच टाकून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. मध्ये 'न्यूट्रल' नावाची पोकळीच नाही. कल्पना जुनी आहे, अडॉल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मांडली होती. पुढे 1980 च्या दशकात पोर्शे आणि ऑडीने रेसिंगच्या गाड्यांत वापरली. आणि बाजारातल्या गाडीत आणली ती फोक्सवॅगनने, 2003 मध्ये, गोल्फमध्ये. तंत्र होतं, पण इतक्या पटापट निर्णय घेणारा स्वस्त कॉम्प्युटर नव्हता, म्हणून एवढी वर्षं गेली.

हे झालं पुस्तकी. चालवताना काय होतं?

सिडकोतून निघालं की सकाळच्या जालना रोडला क्लचचा हिशोब मांडायचा नसतो. मी एकदा मित्राच्या मॅन्युअलमध्ये मोजत गेले होते. विमानतळ मागे टाकून केंब्रिज चौक येईपर्यंत साठ झाले, मग सोडून दिलं. कंपन्यांच्या बसेस, रिक्षा, मध्येच वळणारे टूव्हीलरवाले. माझ्या गाडीत तेच अंतर डावा पाय पसरून जातं. ऑफिसला पोचल्यावर पहिल्या चहाला मी माणसांत असते, मित्र पंधरा मिनिटांनी येतो.

चौक सुटला आणि रस्ता मोकळा झाला की खरी मजा. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना गाडी एक क्षण श्वास घेते, तुमचं डोकं पुढे जाऊन मागे येतं. डीएसजीमध्ये तो श्वासच नाही. नुसता इंजिनचा सूर बदलतो, काटा खाली येतो आणि वेग चढतच राहतो. तुमच्या ओळखीच्या एएमटी गाड्यांशी याची गल्लत करू नका. एएमटीमध्ये क्लच एकच, तो तुमच्याऐवजी मशीन दाबतं एवढंच. म्हणून तिथे गिअर बदलताना ब्रेक मारल्यासारखं वाटतं.

आता मित्राची बाजू. तो म्हणतो, तुझी गाडी हुशार आहे, पण मनकवडी नाही. आणि इथे मी गप्प बसते. समजा तुम्ही चौथ्यात आरामात चालला आहात. गाडीने अंदाज बांधलाय की पुढे पाचवा लागेल. तेवढ्यात समोरच्या ट्रकला ओव्हरटेक करायची जागा दिसते, तुम्ही पाय दाबता. आता हवाय दुसरा किंवा तिसरा. तयार आहे पाचवा! त्यातून चौथा आणि दुसरा एकाच क्लचकडे, म्हणजे थेट अदलाबदल नाहीच. मग गाडी अर्धा क्षण विचार करते. अर्धाच, पण समोरून एसटी येत असेल तर तो मोठा वाटतो. मॅन्युअलवाल्याने मात्र ट्रक दिसल्यावरच तिसरा टाकून ठेवलेला असतो. त्याला रस्ता दिसतो, गिअरबॉक्सला फक्त पेडल दिसतं. (यावर उपाय आहे. लिव्हर आधीच एस मोडला टाकायचा. पण तो टाकायचं लक्षात ठेवायचं म्हणजे मग ऑटोमॅटिक कशाला, असं मित्र म्हणतो.)

पार्किंगमध्येही तेच. ब्रेक सोडला की ती हळूच सरकते, पण चढावर इंचाइंचाने मागे घ्यायची म्हटलं की क्लचची ती नाजूक अर्धी पकड पायाखाली नसल्याची आठवण येते.

अण्णांना पहिल्यांदा बसवलं ते एका रविवारी, ऑरिकच्या आतल्या रस्त्यांवर. रुंद, सरळ, आणि सुट्टीच्या दिवशी चिटपाखरू नाही. निघाले व्यवस्थित. वीस-पंचवीसच्या वेगाला त्यांच्या डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला, आणि सापडला तो रुंद ब्रेक! दोघेही बेल्टला लटकलो. दोनदा असं झाल्यावर त्यांनी डावी चप्पल काढली आणि पाय सीटखाली मागे दुमडून घेतला. दुखऱ्या गुडघ्याला ते सोसवेना. मग मीच त्यांची काठी डाव्या बाजूला आडवी ठेवली, पाय तिच्या अलीकडे. अर्ध्या तासाने काठी काढली तरी पाय जागेवर होता.

परत येताना मी विचारलं, कशी वाटली? म्हणाले, ''मी कुठं चालवायलोय? हीच मला चालवायली.''

ते कौतुक नव्हतं.

मला वाटलं, संपलं. गाडी विकावी लागणार. दोन आठवडे त्यांनी चावीला हात लावला नाही. मग वेरूळला जायचं निघालं. दौलताबादच्या किल्ल्यापुढचा घाट चढताना त्यांनी विचारलं, ''हिला आपल्या मनानं गिअर टाकता येतो का?'' मी लिव्हर कसा बाजूला घ्यायचा ते दाखवलं. पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. त्यांनी तिसरा केला. मग वळणाआधी दुसरा. खालचा गिअर पडताना गाडीने स्वतःहून हलकी रेस दिली, बरोबर तेवढीच, जेवढी बसमध्ये ते अंदाजाने द्यायचे. अण्णांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. पण पुढच्या वळणाला गरज नसताना पुन्हा दुसरा टाकला.

उतरताना त्यांचा जुना नियम. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर घाट उतरणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नाही, आणि तापलेले ब्रेक कसा धोका देतात हे त्यांनी कन्नडच्या घाटात दुसऱ्यांच्या गाड्यांचं पाहिलंय. डी मध्ये ठेवलं तर ही गाडी डिझेल वाचवायला शक्य तितक्या वरच्या गिअरात जाते आणि उतारावर मोकळी वाटते. तुम्ही ब्रेक दाबत राहिलात तर खालचा गिअर घेते, पण आधी ब्रेक दाबावा लागतो, तेच अण्णांना मान्य नाही. म्हणून उतार आला की लिव्हर बाजूला. मलाही आता तीच सवय लागलीये, आणि ऑटोमॅटिक चालवणाऱ्या सगळ्यांनी ती लावून घ्यावी. घाटात डी वर विसंबू नका.

ट्रॅफिकमध्येही एक पथ्य आहे. समोरची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचं, हे सोडा. नुसत्या सरकण्यात क्लच अर्धा धरलेला राहतो आणि तापतो. थोडी जागा होऊ द्या, मग एकदम जा. थांबलात की ब्रेक नीट दाबा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. सात गिअरच्या बऱ्याच डीएसजीत (सगळ्या नाही) क्लच कोरडे असतात, त्यांना हे जास्त लागू. माझ्या सहा गिअरवालीत ते तेलात बुडालेले, जरा सोशिक. पण ते तेल दर साठ हजार किलोमीटरला बदलावंच लागतं. सेकंडहँड घेताना मी आधी तेच बिल मागितलं. विकणारा म्हणाला, ''ऑटोमॅटिकला काही करावं लागत नाही, मॅडम.'' पहिल्या दोन गाड्या मी याच वाक्यावर सोडल्या.

कारण भीती खरीच आहे. 2013 मध्ये फोक्सवॅगनला सात गिअरच्या डीएसजीचं तेल बदलण्यासाठी जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. मॅन्युअलचा क्लच गेला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही बदलून देतो. हिच्या गिअरबॉक्सचा मेंदू गेला, तर बिल ऐकून आपला जायची वेळ येते. मी त्यासाठी दर महिन्याला वेगळे पैसे टाकते. या गाडीचा तो अदृश्य हप्ता समजा, आणि जमणार नसेल तर बिनधास्त मॅन्युअल घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

शेंद्र्यातली ऑक्टाव्हिया 2023 मध्ये बंद झाली. आता ऑरिकमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या गोष्टी चालतात, त्यांना बहुतेक गिअर बदलायचाच नसतो. म्हणजे आमचा वाद ऐकून पुढची पोरं विचारतील, 'काय बदलायचं?'

अण्णांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. त्याआधी त्यांना समृद्धीवरून शिर्डीला जायचंय, आणि जाताना तेच चालवणार आहेत. मी म्हटलं, सरळ रस्ता आहे, एकशे वीसची मर्यादा, डी मध्ये टाका आणि बसा निवांत. तर म्हणाले, ''ते ठीक. पण येताना वेरूळच्या घाटातून येऊ.''