आम्ही सर्व्हर मांडला

साठी उलटलेल्या माणसाने काय करू नये, याची एक यादी आमच्या सौ.कडे तयार आहे. शिडीवर चढू नये, पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी मागू नये आणि भाच्याच्या नादी लागू नये. पैकी तिसरे कलम मी तीन वर्षांपूर्वी मोडले. त्याचे फळ आमच्या वर्ध्याच्या घरी, देवघराशेजारच्या कोनाड्यात, हिरवा दिवा मिचकावत बसले आहे. त्याला सर्व्हर म्हणतात.

हे नाव ऐकताच पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य न ऐकलेला मनुष्य आपल्याकडे विरळा. नोकरीची शेवटची पंधरा वर्षे मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसून ते लोकांना ऐकवले आहे. आणि ज्याच्या नावावर मी इतक्यांना परत पाठवले तो सर्व्हर म्हणजे काय, हे मला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हते! वास्तविक त्यात गूढ काही नाही. जो संगणक रात्रंदिवस जागा राहतो आणि दुसऱ्या यंत्राने मागितले की आपल्याजवळचे काढून देतो, तो सर्व्हर. तो परक्याच्या जागेत असला आणि आपण भाडे भरत असलो, की त्याला ‘क्लाउड’ असे आकाशातले नाव मिळते. आपल्या कोनाड्यात असला, की तो घरचा.

हा खटाटोप करण्याचे कारण सांगतो. माझ्या फोनने ‘जागा संपली’ म्हणून रोज टुमणे लावले होते, हे एक. पण खरे कारण आईच्या ओव्या. आर्वीला आमच्या ताईकडे जुने जाते आहे. आई तिथे असताना, २०१६ साली, भाच्याने तिला जात्यावर बसवून तिच्या ओव्या फोनवर उतरवून घेतल्या. एकूण तेवीस. आई २०१९ मध्ये गेली. त्या ओव्या दर महिन्याच्या भाड्याने कोठेतरी ठेवायच्या आणि एखाद्या महिन्यात हप्ता चुकला तर त्यांचे काय होईल याची काळजी करायची, हे मला पटेना. भाचा म्हणाला, ‘‘मामा, घरीच ठेवू की!’’ झाले. कलम मोडले.

ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल, त्यांनी माझ्या चुका फुकट घ्याव्यात. मला त्या बऱ्याच महाग पडल्या आहेत.

पहिली गोष्ट, नवे यंत्र घेऊ नये. मुलीचा टाकून दिलेला लॅपटॉप आम्ही वापरला. असा लॅपटॉप बारा-पंधरा वॉट खातो, म्हणजे वर्षाकाठी शंभर-सव्वाशे युनिट. जुना मोठा डेस्कटॉप याच्या चौपट-पाचपट सहज खाईल. शिवाय लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी तो लगेच कोसळत नाही. मात्र ती बॅटरी फुगू लागली, तर त्याच दिवशी काढून टाकावी. तिथे काटकसर नको. आत घालायची प्रणाली फुकट मिळते. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगासमोर ठेवला. त्यावर उभी असलेली डेबियन ही प्रणाली १९९३ पासून स्वयंसेवक सांभाळत आले आहेत. आम्ही तीच घातली. फुकट म्हटल्यावर सौ.ला प्रथमच या प्रकरणात रस वाटला.

दुसरी गोष्ट म्हणजे एका वेळी एकच सेवा मांडावी. मी उत्साहाच्या भरात पंधरवड्यात अकरा मांडल्या. फोटोंसाठी इमिच, कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी आणखी काही, घरातल्या वाणसामानाची यादी ठेवणारेसुद्धा एक! त्या यादीत ‘तूरडाळ’ लिहायला मला सात मिनिटे लागली आणि तेवढ्या वेळात सौ. दुकानातून डाळ घेऊनही आली. आज त्यांतल्या दोनच उरल्या आहेत. आणि घरून टपालसेवा चालवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. घरगुती पत्त्यावरून आलेली ई-मेल मोठ्या कंपन्यांची यंत्रे बहुधा दारातूनच परत लावतात.

आता वर्ध्याचा उन्हाळा. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत हे प्रकरण नसते. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो. मी यंत्र आधी माळ्यावर ठेवले होते, स्लॅबच्या अगदी खाली. दुपारी दोन वाजता ते आपोआप बंद पडे, आणि ते बरोबरच होते, कारण त्या वेळी आम्हीही बंदच पडलेले असतो. मग शक्कल लढवून ते कूलरसमोर मांडले. ज्या दुकानदाराकडून डिस्क घेतली त्याला हे अभिमानाने सांगितले, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘काकाजी, यंत्राले थंडी नाही लागत, हवा लागते. कूलरची ओल आत गेली का गेलं समजा!’’ तेव्हापासून ते कोनाड्यात आहे. जमिनीपासून दोन हात वर, उत्तरेची भिंत, मागे बोटभर मोकळी जागा. उदबत्तीची राख उडते म्हणून देव थोडे पलीकडे सरकले, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. आणि हो, वीज जाते तेव्हा नुसते यंत्र जागे राहून भागत नाही. इंटरनेटचा डबाही छोट्या यूपीएसवर असावा लागतो. हे मला चार वादळांनंतर सुचले.

घराबाहेरून आपल्या सर्व्हरपर्यंत पोचणे हा निराळा अध्याय. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि माणसे आठशे कोटींच्या वर. म्हणून कंपन्या पुष्कळ घरे मिळून एकच पत्ता देतात. जुन्या वाड्याच्या दाराला एकच पत्रपेटी असे, तसे. बाहेरून आलेल्याला कोणाची खोली हवी ते पेटीला कळत नाही. नव्या पद्धतीचे पत्ते मिळाले तर प्रश्न सुटतो. नाहीतर बाहेर एक लहानसे भाड्याचे यंत्र घेऊन तिथपर्यंत वायरगार्डचा बोगदा काढावा लागतो. आम्ही बोगदा काढला. पण त्याआधी मी एक शहाणपणा केला. त्या भाड्याच्या यंत्राचे दार नुसत्या पासवर्डवर उघडे ठेवले. सकाळी नोंदवही पाहतो तो रात्रभरात शेकडो अनोळखी पाहुणे कडी वाजवून गेलेले! त्यांना माझ्याशी वैर नव्हते. अशी यंत्रे जगातले प्रत्येक दार खडखडवून पाहतच असतात. तेव्हा पासवर्डाऐवजी किल्लीची फाईल वापरावी, बोगद्याखेरीज सगळी दारे लावून घ्यावीत आणि प्रणालीची डागडुजी दर आठवड्याला न चुकता करावी.

इथवर सारे गमतीचे चालले होते. त्या दिवसांत भाच्याला घेऊन मी मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात गेलो होतो. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते उघडले. तिथले तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहताना मला १९२९ ची स्पर्धा आठवली. अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम घरगुती चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी काय होत्या पाहा: किंमत दीडशे रुपयांच्या आत, साध्या खेड्यातल्या घरात चालावा, बाईला न थकता आठ तास कातता यावे, वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. मी भाच्याला म्हटले, ‘‘आपला सर्व्हर बसला असता बघ यात!’’ भाचा काही बोलला नाही. तो अभियांत्रिकीला आहे. त्याला खर्चाचे आकडे ठाऊक होते.

त्यानंतरचा प्रसंग सांगायला हात जड होतो. यंत्राला मी दोन डिस्क लावल्या होत्या, एकीवर लिहिले ते दुसरीवर आपोआप उमटणाऱ्या. एक गेली तर दुसरी आहेच, या भरवशावर मी निर्धास्त होतो. एका दुपारी दुहेरी फायली काढून टाकण्याची साफसफाई केली. ‘नवीन फोल्डर २’ नावाचे काहीतरी होते, तेही टाकले. आठ दिवसांनी आईचे श्राद्ध. ताई आर्वीहून आली होती. जेवणे झाल्यावर ती म्हणाली, ‘‘लाव रे आईच्या ओव्या.’’ मी फोन उघडला, आणि ओव्या नव्हत्या. ‘नवीन फोल्डर २’ तेच होते. मी एका डिस्कवरून पुसले, दुसरीने इमानाने तेच केले. आरशासमोर मिशी काढली तर आरशातली मिशी शिल्लक राहत नाही, एवढी साधी गोष्ट बँकेत जन्म काढलेल्या माणसाला कळली नव्हती.

भाचा नागपूरहून रात्रीच्या गाडीने आला. पण मधल्या आठ दिवसांत त्याच जागेवर आमच्या गच्चीवरच्या वाळवणाचे फोटो लिहिले गेले होते. पहाटेपर्यंत बसून त्याने तीन ओव्या काढल्या. अकरा ताईच्या फोनवर निघाल्या. केव्हातरी कोणीतरी तिला धाडलेल्या. ज्या फोनवर मूळच्या उतरवल्या होत्या, तो कधीच देऊन नवा घेतला होता. चौदा सापडल्या. नऊ गेल्या त्या गेल्या. ताई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असतात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. बाहेरची प्रत आर्वीला ताईच्या लोखंडी कपाटात, शालूखाली असते. दर तीन महिन्यांनी मी डिस्क बदलून आणतो. पूर्वी तिच्याकडे जायला मला सवड होत नसे. आणि नुसती प्रत काढून थांबत नाही, ती उघडून, वाजवून पाहतो.

एवढ्याने मी सुटलो असे मला वाटले. पण गेल्या जुलैत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मी इस्पितळात असताना घरी वीज कडाडली आणि यंत्र बंद पडले. इकडे इस्पितळाच्या खिडकीवर विम्याचा कागद मागितला. कागद सर्व्हरवर होता, परवलीचा शब्द माझ्या डोक्यात होता, आणि डोके भूल दिलेल्या अवस्थेत होते! सौ.ने घरी जाऊन ट्रंक उपसली आणि मूळ कागद शोधला. मी शुद्धीवर आल्यावर तिने तब्येतीची चौकशी केली आणि मग शांतपणे विचारले, ‘‘अहो, उद्या तुम्ही नसाल, तर त्या कोनाड्यातल्याचं मी काय करायचं? विसर्जन?’’

घरी आल्यावर शंभर पानी वही आणली. यंत्र कसे चालू करायचे, शब्द कोणते, डिस्क कोठे, भाच्याचा नंबर, सारे मराठीत, हाताने लिहिले. वही गॅसच्या पुस्तकाबरोबर कपाटात ठेवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. मी यंत्राची वायर काढून झोपाळ्यावर बसलो. तोंड उघडायचे नाही, अशी अट होती. सौ. चष्मा लावून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. चौथ्या ओळीवर थांबली.

‘‘‘नंतर नेहमीप्रमाणे लॉगिन करावे.’ नेहमीप्रमाणे म्हणजे कोणाच्या नेहमीप्रमाणे?’’

मी अटीप्रमाणे गप्प. तिने ती ओळ खोडली, जरा वेळ खटपट केली आणि तिथे स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. पुढे आणखी दोन ठिकाणी खाडाखोड झाली. एकदा तिने माझ्याकडे पाहिले, पण विचारले नाही. पाऊण तास गेला. मग हिरवा दिवा लागला, आणि ती फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

सहावी ओवी होती. जात्याची घरघर, मागे ताईच्या कुकरची शिट्टी, मध्येच जाते थांबते आणि आई भाच्याला विचारते, ‘‘झालं का रे तुयं?’’