दुखण्याची छाननी

पात्र कोण आणि अपात्र कोण, हे अर्जांवरून ठरविण्यातच आमची नोकरीची बारा वर्षे गेली. तेव्हा दुखण्याच्या दरबारीही अशीच छाननी चालते हे कळल्यावर आमचे कुतूहल जागे झाले, यात नवल नाही.

कण्याच्या तळचे त्रिकास्थि आणि कमरेचे रुंद हाड जेथे जुळतात, त्या सॅक्रोइलियाक सांध्याचे दुखणे मोठे लबाड. 1905 साली गोल्डथवेट व ऑसगुड या अमेरिकन डॉक्टरांनी त्याच्यावर ठपका ठेवला. 1934 मध्ये मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकतीला दोषी ठरविले आणि सांधा बराच काळ विस्मृतीत गेला. तो दुखतो की नाही, हे क्ष-किरणांच्या चित्रावरून ठरत नाही. मग नव्या उपचाराच्या परीक्षेसाठी रुग्ण निवडावे कसे?

डॉक्टर प्रथम म्हणतात, “कुठे दुखते, एका बोटाने दाखवा.” आम्ही तळहात ठेवला! (सविस्तर टिपणे लिहिण्याची सवय जडलेल्या माणसाला एका बोटात काही सांगता येत नाही.) मग मांडी रेटून, कूस दाबून पाच-सहा चाचण्या. त्यांपैकी तिहींनी तरी ओळखीचे दुखणे जागे केले, तरच रुग्ण पुढे जातो.

खरी कसोटी सुईची. पडद्यावर पाहात सांध्यात बधिरतेचे औषध सोडतात. दुखणे उतरले, तर सांधा दोषी. पण ते उतरले हे सांगणार रुग्णच! 1996 मध्ये फ्रान्समधील मेन्य व सहकाऱ्यांनी 54 रुग्णांना असे तपासले. पहिल्या औषधाने 19 जणांना उतार पडला. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या औषधाने, दुजोरा मिळाला तो 10 जणांचाच. आमचे मन त्या नऊ जणांपाशी घोटाळते. ते खोटे बोलले काय? मुळीच नाही. आशेनेही कंबर हलकी होते. औषधही कधी शेजारी झिरपते. तथापि त्यांना घ्यावे, तर चांगला उपचारही निकामी ठरावयाचा. वगळावे, तर निष्कर्ष मूठभरांचा, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेले बाकीचे सारे त्याच्या बाहेर. आमचे मत कडक छाननीच्या बाजूचे. मात्र किती वगळले आणि कशासाठी, हे छापलेच पाहिजे.

आमच्या पाच चाचण्यांपैकी दोनच दुखल्या. डॉक्टरांनी कारण लिहिले, सही केली आणि पुढच्यास हाक मारली. दुखणे आमच्याबरोबर जिना उतरून आले.